अंगठा येत नाही तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या किन्हीराजात हल्ली दोन माणसं रस्त्यात भेटली, की 'जेवण झालं का' विचारण्याआधी 'ऑनलाइन झालं का' असं विचारतात. काय ऑनलाइन झालं, हे सांगावं लागत नाही. हंगामाप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. जून-जुलैत तो पीकविमा असतो, ऑगस्ट-सप्टेंबरात पीक पाहणी, सोयाबीन निघालं की हमीभावाची नोंदणी, आणि मध्येच कधीतरी कुणाचं तरी केवायसी. पूर्वी आमचं वर्ष नक्षत्रांवर चालायचं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू. आता त्यांच्या जोडीला शेवटच्या तारखा आल्या आहेत. मृग कोरडा गेला तर माणूस आभाळाकडे पाहतो. शेवटची तारीख गेली तर तो माझ्याकडे पाहतो.

कारण मी किन्हीराजात सेवा केंद्र चालवतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. नाशिककडचं मालेगाव वेगळं. गावात माझ्या केंद्राला कुणी केंद्र म्हणत नाही, 'ऑनलाइनचं दुकान' म्हणतात. एक संगणक, एक छपाईचं यंत्र, एक अंगठ्याचं यंत्र, बॅटरी आणि समोर एक बाकडं. तंत्रज्ञान, काम, सरकार आणि मन हे चार वेगवेगळे विषय आहेत, असं वर्तमानपत्रं वाचताना वाटतं. त्यांची पानंही वेगळी असतात. माझ्या बाकड्यावर मात्र हे चौघं एकमेकांना खेटून बसलेले मी रोज पाहतो. त्याबद्दल माझी काही मतं झाली आहेत, ती आज सांगतो. ती कुणा तज्ज्ञाची मतं नाहीत. बाकड्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाची आहेत.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. यंत्रं नकोत, जुनंच बरं होतं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. जुनं कसं होतं ते माझ्या वयाच्या लोकांनी पाहिलं आहे. सातबाऱ्याचंच उदाहरण घ्या. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो सातबारा. सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तिच्यात काय पिकलं. हा एक कागद मिळवायला माणसाचा दिवस मोडायचा. साहेब दौऱ्यावर, साहेब तालुक्याला, साहेब जेवायला. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याचं सरकारी शुल्क पंधरा रुपये, आणि तो निघतो चहा होईपर्यंत. म्हातारी माणसं तो कागद हातात घेऊन सही कुठं आहे ते शोधतात. शाईची सही नसलेला कागद खरा, यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पण बसतो. हे मोठं काम झालं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे.

पण त्याचबरोबर शेतकऱ्याच्या कामात एका नव्या कामाची भर पडली. ते काम म्हणजे आपण कोण आहोत आणि आपण काय केलं, हे सिद्ध करत राहणं. नांगरणी, पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी, मळणी ही कामं होतीच. त्यांच्या जोडीला हे आलं आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही.

आता क्रम पाहा. २०१७ च्या कर्जमाफीसाठी प्रत्येकानं ऑनलाइन अर्ज भरायचा होता. त्यासाठी राज्यभर सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. २०१९ मध्ये पीएम किसान योजना आली, वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. २०२२ मध्ये पीएम किसानसाठी ई-केवायसी सक्तीचं झालं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, तो २०२५ मध्ये बंद होऊन पुन्हा शेतकऱ्यानं हिस्सा भरायची पद्धत आली. २०२५ मध्येच शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी बंधनकारक झाला. यातली एकही गोष्ट एकटी पाहिली तर अवघड नाही. प्रत्येकीमागे कारणही आहे. पण ही सगळी एकाच माणसाच्या डोक्यावर येतात, आणि त्या माणसाचं शिक्षण सातवी, वय पासष्ट आणि मोबाइल साधा असतो.

ई-पीक पाहणीचा हेतू मला फार आवडतो. पूर्वी बाराच्या नमुन्यात पीक कोणतं, हे अनेकदा चावडीत बसूनच लिहिलं जायचं. शेतात कपाशी आणि कागदावर ज्वारी असा प्रकार व्हायचा. मग विमा असो की नुकसानभरपाई, कागदावरच्या ज्वारीची मोजदाद होणार आणि खऱ्या कपाशीचं काही नाही. आता शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहायचं, मोबाइलनं आपली जागा उपग्रहाकडून ओळखायची, पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. आपल्या शेताचा साक्षीदार आपणच. हे चांगलंच आहे. अडतं ते बांधावर. नेटवर्क गावात असतं, नाल्याकाठच्या वावरात नसतं. सोयाबीनमध्ये तूर आहे, तर मुख्य पीक कोणतं आणि मिश्र कोणतं? वावर आईच्या नावावर, मोबाइल मुलाचा, मूल पुण्याला. मदतीला गावपातळीवर सहायक नेमले गेले, हेही खरं. तरी शेवटच्या आठवड्यात माझ्या बाकड्यावर जागा नसते.

आता अंगठ्याकडे येतो. माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते अंगठ्याचं प्रकरण. त्याचं शास्त्र थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

आपल्या बोटाच्या टोकाला ज्या रेघा असतात, त्या सरळ धावत नाहीत. एखादी मध्येच संपते, एखादी फुटून तिच्या दोन होतात. शेतातल्या पायवाटांसारखं. अशा संपण्याच्या आणि फुटण्याच्या जागा प्रत्येक माणसाच्या बोटावर वेगळ्या असतात. यंत्र काचेवर ठेवलेल्या बोटाचं चित्र घेतं, त्यातल्या या जागा टिपतं, त्यांचा आकड्यांत नकाशा करून कुलूपबंद रीतीनं मध्यवर्ती साठ्याकडे पाठवतं. तिथं आधार काढताना दिलेला तुमचा जुना नकाशा असतो. दोन्ही नकाशे किती जुळतात, याचा हिशेब होतो. ठरावीक रेषेच्या वर जुळले तर 'हो', खाली राहिले तर 'नाही'. मधलं उत्तर नाही. 'बहुधा हाच तो माणूस आहे' असं यंत्र म्हणत नाही. नाही आलं, की माझ्या पडद्यावर ३०० हा आकडा उमटतो. त्याचा अर्थ एवढाच, की ठसा जुळला नाही.

आता ज्या हातानं चाळीस वर्षं विळा धरला, त्या हाताच्या रेघा कशा असतील? वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगांची टोकं बोटांत शिरतात. कापूस वेचताना बोंडाच्या कडा ओरबाडतात. बायकांच्या हातांना शेणमाती, राख आणि कपड्यांचा साबण. बांधकामावर जाणाऱ्यांना सिमेंट. त्यात वय झालं की कातडी सैल पडते, कोरडी होते आणि हिवाळ्यात तर भेगाळते. रेघ पुसट झाली, की संपण्याची जागा कुठली आणि फुटण्याची कुठली, हे यंत्राला कळत नाही. म्हणजे ज्यानं जास्त काम केलं त्याचा अंगठा आधी जातो. बिनकामाच्या माणसाचा अंगठा पहिल्या झटक्यात येतो, हे मी गमतीनं सांगत नाही.

लोक मग उपाय करतात. कुणी अंगठा धोतराला घासतो, कुणी केसांवरून फिरवतो, कुणी खोबरेल लावून येतो. तेल लावू नका. तेलानं रेघांमधल्या खाचा भरतात आणि चित्र आणखी बिघडतं. ओल्या फडक्यानं पुसून, किंचित दमट बोट, दाब न देता ठेवावं. एक बोट नाही तर दुसरं पाहावं. अंगठाच हवा असं नाही, दहापैकी कोणतंही चालतं. तरी नाही आलं तर डोळ्याच्या बुबुळावर किंवा चेहऱ्यावर ओळख पटवता येते, आणि बोटांचे ठसे आधार केंद्रावर नव्यानं देता येतात. हे सगळं मी सांगतो. पण समोरच्यानं तोवर सहा वेळा बोट ठेवलेलं असतं, मागं रांग असते, आणि रांगेत त्याची सून किंवा व्याही असतो. एकदा एक आबा, वय सत्तरीच्या पुढं, सातव्यांदा बोट उचलून म्हणाले, "भाऊ, मले एक सांग, या मशिनीच्या हिशोबानं मी जिता आहो का नाही?" रांगेतली माणसं हसली. आबा हसले नाहीत.

अंगठा नाही तर ओटीपी, असा मार्ग आहे. सहा आकडे मोबाइलवर येतात, दहा मिनिटांत सांगायचे. पण आधारला जोडलेला नंबर मुलाचा असतो. मुलगा चाकणला कंपनीत. तिथं कामावर जाताना मोबाइल गेटवर ठेवून घेतात. त्याची पाळी सुटते संध्याकाळी. म्हणजे बाप इथं बाकड्यावर, सहा आकडे तिकडं कुलपात, आणि दहा मिनिटं संपलेली. रात्री मुलगा फोन करतो तेव्हा बाप त्याच्यावर चिडतो. मुलगाही चिडतो, कारण तो बारा तास उभा राहून आलेला असतो. या भांडणात दोष कुणाचा, हे तुम्हीच ठरवा. पण त्या रात्री दोघांनाही झोप लागत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळतं.

इथून मी मनाच्या गोष्टीवर येतो.

माझं निरीक्षण असं आहे, की माणूस नकार सोसतो. आमच्या भागात नकार सोसायची सवय पिढ्यांची आहे. पावसानं दिलेला नकार, बाजारानं दिलेला नकार. नकार मिळाला की माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि मग दुसरी वाट धरतो. त्याला सोसत नाही ते 'पेंडिंग'. हमीभावानं सोयाबीन घालायचं म्हणून नोंदणी केली. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्या खाली भाव. नोंदणी झाली, आता एसएमएसची वाट पाहायची. एसएमएस कधी येईल? माहीत नाही. घरात माल, बाहेर सावकार किंवा दुकानदार, डोक्यावर दिवाळी. विकून टाकावं तर उद्या एसएमएस आला म्हणजे? थांबावं तर भाव आणखी पडला म्हणजे? एका शेतकऱ्यानं मला ऐकवलं होतं, "पैसे नाही देत तं नाही म्हणा नं. हे पेंडिंग पेंडिंग काय लावलं?"

या माणसाचं म्हणणं शास्त्रानंही धरून ठेवलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावरचे दगड उलटायचे, खाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा दुखणारा झटका. लोकांच्या अंगाला सुटणारा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. नक्की झटका बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. बसेल किंवा बसणार नाही, निम्मी-निम्मी शक्यता, अशा वेळी तो सगळ्यात जास्त होता. आमच्याकडे धुऱ्यावरचा दगड उचलताना साप निघतोच कधीतरी, त्यामुळे हा प्रयोग मला लगेच कळला. ज्या माणसानं हा दगड महिनोन्‌महिने अर्धवट उचलून धरला आहे, त्याच्या शरीराचं काय होत असेल?

ते काय होतं, हे आमच्याकडे 'डिप्रेशन' या शब्दात कुणी सांगत नाही. माणूस म्हणतो, डोकं काम करत नाही. जीव लागत नाही. छातीत घाबरं होते. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बायको सांगते, हे आताशा बोलत नाहीत, वावरात जाऊन नुसते धुऱ्यावर बसतात. ही लक्षणं आहेत आणि ती आठवडा-दोन आठवडे सलग राहिली तर दवाखान्यात दाखवण्यासारखी आहेत. ताप आला की आपण दाखवतो ना? तसंच.

आमचा वाशीम जिल्हा तसा नवा, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला. आठ वर्षांत त्याचं नाव देशभर गेलं ते वाईट कारणानं. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वाशीम होता. शेतकरी आत्महत्यांबद्दल तेव्हापासून इतकं लिहिलं गेलं आहे, की मी त्यात भर घालणार नाही. एवढंच म्हणेन, की कुणी एका कारणानं असं करत नाही. कर्ज असतं, नापिकी असते, आजारपण असतं, घरातलं काही असतं, दारू असते आणि त्या सगळ्यांच्या खाली कधीकधी न ओळखलेला, उपचार न झालेला मनाचा आजार असतो. एकच कारण सांगणारा माणूस, मग तो पुढारी असो की पत्रकार, मला खरा वाटत नाही.

पण एका आकड्याकडे लक्ष वेधतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या ४,२४८ आपल्या राज्यातल्या. देशाच्या त्या आकड्यात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर आहेत. शेतमजूर जास्त आहेत! आपण मात्र चर्चा सातबाऱ्याभोवतीच करतो, कारण सरकारी कागद सातबाऱ्यापासून सुरू होतो. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाख रुपयांचं साहाय्य देण्याचा २००६ चा शासन निर्णय आहे. तीस हजार रोख स्वरूपात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज थकलेलं हवं, वसुलीचा तगादा असायला हवा. समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. मजुराचं प्रकरण तिथवर पोचतच नाही. त्या समितीतल्या माणसांनाही हे काम सुखाचं नसणार. नियम ते पाळतात. पण 'अपात्र' हा शब्द घरातल्या बाईनं माझ्याकडून वाचून घेतला, तेव्हा मला तो मोठ्यानं वाचता आला नव्हता.

मग करायचं काय? मनाच्या बाजूनं आधी सांगतो, कारण तिथं एक चांगली गोष्ट घडून गेली आहे आणि ती आपल्याच भागातली आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गोव्याची 'संगत' आणि विदर्भातली 'प्रकृती' या संस्थांनी तो चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्य कार्यकर्ते केलं. त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायचं, साधा समुपदेशनाचा आधार द्यायचा आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे न्यायचं. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी चारच जण कुणाकडे तरी मदतीला जात होते. प्रकल्पानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. सत्तावीस म्हणजे अजून त्र्याहत्तर बाकी, हे खरं. पण चाराचे सत्तावीस कशानं झाले? नवं औषध आलं नव्हतं आणि नवं यंत्रही नव्हतं. गावचं माणूस ओसरीवर येऊन बसलं आणि त्यानं विचारलं, झोप लागते का?

राज्य सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात आशा ताईंनी घरोघर जाऊन अशीच विचारपूस करायची होती. कल्पना उत्तम. पण आशा ताईच्या पिशवीत किती कामं आहेत, ते पाहा. लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं, आणि प्रत्येकाचं वेगळं अॅप. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतं? मोबाइल निकृष्ट आणि अॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. माहिती भरणाऱ्या माणसाचं मन थकलं असेल तर तो दुसऱ्याच्या मनाची विचारपूस कशी करणार? तलाठ्याचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. नाव मोठं झालं, सजा तेवढाच. रात्री अकराला त्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर 'अहवाल तात्काळ' असा संदेश पडतो. मीही सर्व्हर रात्री चालतो म्हणून अनेकदा बारापर्यंत दुकान उघडं ठेवतो. बाकड्याच्या दोन्ही बाजूंची माणसं दमलेली आहेत, हे लोकांनी समजून घ्यावं असं मला वाटतं. एकमेकांवर ओरडून सर्व्हर वेगानं चालत नाही.

सरकारच्या बाजूनं माझं मागणं फार लहान आहे. यंत्रानं 'नाही' म्हटलं, की का नाही हे मराठीत, एका ओळीत, कागदावर यावं. आणि पुढं कुणाकडे, किती दिवसांत जायचं, हे खाली यावं. 'काही तांत्रिक कारणामुळे' ही ओळ बंद व्हावी. हे अशक्य नाही, कारण यासाठीचा कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. त्याखाली अधिसूचित झालेली सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. अर्जाची पोच मिळते. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. त्यावर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, नंतर दुसरं, आणि तिसरं थेट आयोगाकडे. कसूर केली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दाखले, उतारे, प्रमाणपत्रं यांसाठी हा कायदा चालतो. अनुदानाचे हप्ते, केवायसीचे अडथळे, विम्याचे दावे या सगळ्यांना हीच मुदत आणि हेच लेखी कारण लावावं. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ठसा जुळला नाही म्हणून कुणाला त्याच्या हक्कापासून वंचित ठेवू नये, हे स्पष्ट केलं आहे.

आणि दुसरं एक उदाहरण सरकारचंच. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज शेतकऱ्यानं भरायचा होता. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला नाही. बँकांनी खात्यांची माहिती भरली, याद्या गावात लागल्या, शेतकऱ्यानं येऊन फक्त आपली ओळख पटवायची. कर्जमाफी योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवा. संगणक तोच होता, आधारही तेच होतं. पण सिद्ध करण्याचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरून बँकेच्या टेबलावर गेलं. असा बदल सर्व ठिकाणी का होऊ नये? माझं नाव, माझा गट नंबर, माझं खातं सरकारला आधीच माहीत आहे. मग तेच चार वेळा का विचारता?

तोवर मी माझ्या दुकानात काय करतो, ते सांगतो. अडलेल्या प्रत्येक अर्जाची एक चिठ्ठी करतो. तारीख, अर्ज क्रमांक, काय अडलं, पुढं कुठं जायचं, परत कधी यायचं. 'बघू', 'येईल' असं तोंडी सांगत नाही. पाच ओळींची चिठ्ठी. लोक ती टोपीत किंवा बटव्यात जपून ठेवतात. काम झालेलं नसतं, पण माणूस जाताना थोडा सरळ चालतो. अंगठ्याचं यंत्र मी आतल्या बाजूला घेतलं आहे, रांगेला दिसणार नाही असं. बोट सात वेळा ठेवावं लागलं, तरी ते व्याह्याला दिसू नये.

आणि भिंतीवर एक आकडा लिहून ठेवला आहे, १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. लोकांना दोन भीती असतात. एक म्हणजे गावात कळेल. नाही कळत, फोन फोनवरच राहतो. दुसरी म्हणजे पोलीस. असं काही मनात आलं होतं हे सांगितलं तर गुन्हा लागेल का, हा प्रश्न मला कुजबुजत विचारला गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, मे २०१८ पासून लागू. असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो, आणि त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतो. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम होतं, ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली आणि नव्या न्याय संहितेत ते कलम घेतलेलं नाही. तेव्हा मनातलं बोलायला भिऊ नका.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात एक जण दुकानात आला. चाळिशीतला, घरचा कर्ता माणूस. नोंदणीचं काय झालं म्हणून विचारलं. पेंडिंग. भिंतीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "तो नंबर लागते का खरंच?" मी फोन लावून दिला, भाषा निवडून दिली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. वीस-पंचवीस मिनिटं तो आत बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग कुठल्या मजल्यावर आहे, कोणत्या दिवशी गेलेलं बरं, हे त्यानं मला विचारलं. मी चौकशी केली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याच चिठ्ठीच्या मागं सोयाबीनचा अर्ज क्रमांक लिहिला आणि पुढच्या सोमवारी ये म्हणून सांगितलं.